मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांवर लघुप्रबंध, कोयता एक धरायचा की दोन माणसं?

नमस्कार मंडळी, एमए समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय घेतलाय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काम आणि त्यांच्या हातात येणारा पैसा. ६० मुलाखती ठरल्यात, पण पहिल्या आठमध्येच अडकलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, म्हणजे एक मोजतात. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, त्या जोडीला मिळते आणि ती घेतो नवरा. मग माझ्या अभ्यासाचं एकक कोण, जोडी की बाई? गाईड म्हणतात कुटुंब धर, सोपं पडेल, पण मग बाई त्यात कुठे दिसणार तेच मला कळत नाहीये.

दुसरं म्हणजे अनुसूचीत (मुलाखतीच्या प्रश्नांच्या यादीत) मी 'मासिक उत्पन्न किती' असा प्रश्न टाकला होता, खाली चार पर्याय. कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर, एक मावशी भाकऱ्या थापत होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "उचल ह्यांनी घेतली, फिटली का नाही ते मुकादमाला ठावं." आणि बोलताना सारखं बाजूला गाडीवर बसलेल्या मुकादमाच्या भावाकडे बघत होत्या. मी 'माहीत नाही' वर टिक केली आणि रात्री झोपच लागली नाही, कारण त्यांना सगळं माहीत होतं हो, माझा प्रश्नच चुकीचा होता. आणि नावंही सगळी मुकादमानेच दिलेली, म्हणजे नमुनाही त्याच्याच पसंतीचा. याला यादृच्छिक (सगळ्यांना निवडीची सारखी संधी असलेला) कसं म्हणू? प्लीज कोणीतरी सांगा, मार्चनंतर लोक गावी परततील.

प्रतिसाद १
ताई, नमुना निवडीचं एकक आणि विश्लेषणाचं एकक एकच असायला हवं असं काही नाही. निवड कोयत्याची करा आणि मुलाखत बाईची वेगळी घ्या, जमलं तर नवऱ्याचीही घ्या. दोघांच्या उत्तरात जो फरक येईल तोच तुमचा सगळ्यात मोलाचा डेटा. मासिक उत्पन्न काढूनच टाका, तिथे महिना हा हिशोबच नाही. उचल किती घेतली, खाडे किती पडले, फिटली का, पुढच्या सालावर किती गेलं, असं हंगामाच्या हिशोबाने विचारा. आणि आधीच्या आठ मुलाखती पूर्वचाचणी म्हणून दाखवा, ६० मध्ये मोजू नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. यादी मुकादमाकडून अजिबात नको. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगारांची नोंदणी असते, अंगणवाडी ताईंकडेही कुटुंबं असतात, त्या दोन्ही याद्या जुळवून मग चिठ्ठ्या टाका. ते नाहीच जमलं तर सरळ हेतुपुरस्सर (मुद्दाम निवडलेला) नमुना म्हणून लिहा आणि निष्कर्ष पूर्ण जिल्ह्याला लावू नका, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कोणी खात नाही. मुलाखत पावसाळ्यात गावी घ्या, तिथे मुकादम फडासारखा सारखा डोक्यावर नसतो. फक्त तेव्हा आठवणीवर विसंबावं लागतं, म्हणून आत्ता फडात (ऊसतोड चालू असलेल्या शेतात) आहात तर मोळ्या कोण बांधतं, गाडी कोण भरतं, पहाटे कोण किती वाजता उठतं हे डोळ्याने बघून वहीत टिपून ठेवा.

धागाकर्ती
खूप खूप आभार! उद्या पहाटेच फडावर जातेय. एकच शंका, नवरा म्हणाला 'मी इथेच बसतो, विचारा' तर काय करायचं? त्याला उठ म्हणता येत नाही आणि तो असला की मावशी गप्प होतात.