गाडीचा रंग बदलतोय, आतल्या चौकटी पण करू का? लवकर सांगा

कंदीपेढा:
मंडळी अर्जंट आहे. स्विफ्ट गॅरेजला उभी आहे, बाहेरून सगळी घासून झालीये, बंपर, दिवे, आरसे काढून ठेवलेत. आता पेंटर म्हणतोय दार उघडल्यावर आतली चौकट दिसते ती आणि डिकीची आतली कड नव्या रंगात हवी असेल तर १२ हजार वेगळे, नाहीतर तिथे सिल्व्हरच राहणार. काम ३८ हजारांना ठरलंय, तेव्हा हे बोलला नव्हता. उद्या सकाळी प्रायमर मारणार, त्याच्या आत सांगायचंय. करू का नको? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, उगाच सल्ले नकोत.

तेलकट_फडकं:
साल कुठलं, रंग कुठला, बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद गरम खोलीत मारणार की शेडमध्ये? काहीच सांगितलं नाही तर काय सांगणार?

कंदीपेढा:
२०१३. हिरवा. शेड आहे, ताडपत्री लावतो तो. प्रश्न चौकटींचा आहे.

गंजका_पत्रा:
आतून कराच. मी पांढरी वॅगन आर लाल केली आणि नेमके हेच पैसे वाचवले. पेंटरने रबराच्या कडेला टेप लावून बाहेरचं मारलं. टेप काढल्यावर तिथे रंगाची बारीक पायरी राहते, बोट फिरवलं की लागते. सहा महिन्यांत तिथूनच पापुद्रा सुटायला लागला, दार आपटलं की लाल कपची खाली. आणि दार उघडलं की अर्धवट खाल्लेल्या कलिंगडासारखं दिसायचं. रबर बीडिंग काढून मग मारायला सांगा, रबरावर टेप लावून नाही. इंजिनच्या खोलीतलं सोडा, बॉनेट रोज कोण उघडतंय. पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू मात्र विसरू नका, सगळे विसरतात.

चकाचक_७७:
रंग मारायचाच कशाला? रॅप करून घ्या, वरून रंगीत फिल्म चिकटवतात ते. कंटाळा आला की सोलून टाका, खाली कंपनीचा रंग तसाच.

गंजका_पत्रा:
अहो घासून झालीये म्हणतायत ते. रॅप काय पुट्टीवर चिकटवणार?

चकाचक_७७:
मग आधी विचारायला हवं होतं. माझ्या गाडीला तीन वर्षं झाली, एक नंबर आहे.

गंजका_पत्रा:
तुमची सावलीत उभी असते. आमच्याकडे उन्हात असलेल्याचं छतावरचं रॅप वाळलेल्या पापडासारखं झालं, आणि सोलताना लोकल पेंट केलेल्या दाराचा रंगही सोबत घेऊन आलं. कंपनीच्या रंगावर ठीक, गल्लीतल्या रंगावर नाही.

शेंडेफळ:
मला बाइकच्या टाकीवरचा ओरखडा घालवायचाय, टूथपेस्टने जातो म्हणतात, खरं का?

तेलकट_फडकं:
वेगळा धागा काढ रे बाबा.
@कंदीपेढा, ताडपत्रीच्या शेडचं बघा जरा. हवा दमट असेल तर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दुधाळ होतो, धूळ बसली की हात फिरवल्यावर रव्यासारखं लागतं. बूथमध्ये साधारण ६० डिग्रीला अर्धा तास बेक करतात, तिथे हा त्रास नाही. आणि ३८ हजारांत पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारतोय की आणखी काही, ते विचारा. डब्यासोबत हार्डनरचा वेगळा डबा येतो, तो डोळ्यांनी बघा.

जुनाजाणता:
पूर्वी डुको नावाचा रंग मारायचे, हार्डनर बिर्डनर काही नव्हतं, तरी गाड्या आरशासारख्या असायच्या. हात पाहिजे माणसाचा.

तेलकट_फडकं:
आणि दर दोन वर्षांनी पॉलिश मारत बसायचे, ते पण सांगा की.

कागदपत्रे_काका:
सगळे रंगावर बोलताय, आरसीचं कुणी विचारलं का? आरसीवर गाडीचा रंग छापलेला असतो. सिल्व्हर लिहिलंय आणि गाडी हिरवी, मग नाक्यावर काय सांगणार? आधी आरटीओची परवानगी, मग रंग, मग गाडी दाखवून आरसीत नोंद. विमा कंपनीलाही कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिलं तेच विचारतो.

पुणेरी_हॉर्न:
परवानगी आधीच हवी असं काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचं असंही आहे.

कागदपत्रे_काका:
कायद्यात आहे हो, पण खिडकीवरचा माणूस काय म्हणतो ते तुम्ही ऐकलेलं दिसत नाही. गाडी कुणाच्या नावावर आहे आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, ते सांगा आधी.

कंदीपेढा:
आरसीचं नंतर बघू हो. सासऱ्यांच्या नावावर आहे. पतसंस्थेचं कर्ज होतं, ते २०१८ लाच फिटलंय.

कागदपत्रे_काका:
फिटलं वेगळं आणि आरसीवरून उतरवलं वेगळं. फॉर्म ३५ आणि पतसंस्थेची एनओसी देऊन बोजा उतरवलाय का? नसेल तर आरटीओच्या लेखी गाडी अजून त्यांच्याकडे तारण आहे, रंगासाठीही त्यांचं पत्र मागतील. आणि अर्जावर सही सासऱ्यांची लागणार, तुमची नाही.

कंदीपेढा:
उतरवला नाही बहुतेक. सही घेता येणार नाही, सरप्राइज आहे. ते फौजेत सुभेदार होते, पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी आहे, सध्या नाशिकला मेव्हण्याकडे आहेत, म्हणून तर गाडी मिळाली. कुणीतरी चौकटींचं सांगा ना.

गंजका_पत्रा:
सांगितलं की वर. करा.

तेलकट_फडकं:
एक मिनिट. सुभेदार, आणि हिरवा. हिरवा म्हणजे नक्की कुठला?

कंदीपेढा:
मिलिटरीचा असतो तो. मॅट. पेंटर म्हणाला दोन शेड मिसळून बरोब्बर काढून देतो.

कागदपत्रे_काका:
झालं कल्याण! थांबवा त्याला आत्ताच्या आत्ता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, बाकी कुणालाही मारता येत नाही. ही नोंद तुम्हाला आरटीओ करूनच देणार नाही. लष्कराच्या लिलावातल्या जीपसुद्धा घेणाऱ्याला आधी रंग बदलून घ्याव्या लागतात.

चकाचक_७७:
रस्त्यावर इतक्या हिरव्या एसयूव्ही फिरतात त्या मग?

पुणेरी_हॉर्न:
हिरव्याला बंदी नाही, ऑलिव्ह ग्रीनला आहे. कंपन्या गडद हिरवा देतात, पोपटी देतात, ते चालतं. इथे पेंटर "बरोब्बर" काढून देणार आहे, घोळ तिथे आहे.

गिरगावकर:
मी तर म्हणतो काळी-पिवळी करा, आता मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, ऑक्टोबर २०२३ ला शेवटची गेली. आमच्या वडिलांची होती, छताचा पिवळा दर दिवाळीआधी स्वतः ब्रशने मारायचे, ब्रशचे केस रंगात अडकलेले तसेच वाळायचे. अजून आठवतात ते केस.

शेंडेफळ:
म्हणजे टाकीवर ब्रशने चालेल का?

तेलकट_फडकं:
कंदीपेढा, मॅटचंही ऐका. मॅटला बफिंग करता येत नाही, घासलं की तिथे चमक येते आणि डाग दिसतो. एक ओरखडा आला की पूर्ण दार परत मारायचं. पंचाहत्तरीचे सासरे बाजारात पार्किंग करणार ना? ग्लॉसच घ्या, बाटलीचा गडद हिरवा. गल्लीत मिसळलेल्या शेडपेक्षा कंपनीचा कलर कोड असलेली घ्या, पुढे टचअपला तीच परत मिळते.

काळजीवाहू_सून:
एक विचारू का? स्वतः फौजेत होते तर हा रंग सिव्हिलियनला चालत नाही हे त्यांना तुमच्याआधी माहीत असणार. गाडी बघून खूश होतील की झापतील?

जुनाजाणता:
आमच्या साताऱ्याकडे घराघरात फौजी, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी. कुणाला असला रंग मारलेला पाहिला नाही. आता कळलं का.

कंदीपेढा:
बरं. पेंटरला फोन केला, तो म्हणतो प्रायमरला रंगाचं काही नाही, मारून ठेवतो, शेड दोन दिवसांत सांगा. बॉटल ग्रीन ग्लॉस ठरवतोय. आरटीओचा अर्ज आजच ऑनलाइन भरून टाकतो, सहीचं नंतर बघू.

कागदपत्रे_काका:
अहो भरू नका, ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर

कागदपत्रे_काका:
अर्धवटच गेलं वरचं. ओटीपी सासऱ्यांच्या मोबाइलवर जाईल म्हणतोय मी.

कंदीपेढा:
गेला.

काळजीवाहू_सून:
मग?

कंदीपेढा:
नाशिकहून फोन आला. आधी ओटीपी सांगितला नाही, फ्रॉड आहे म्हणाले, मेव्हण्याला पोलिसात फोन लावायला सांगत होते. मग सगळं सांगावं लागलं. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले एमएच ११ ची माझी गाडी, मला न विचारता घासली? परवा येतायत बघायला. रंग विचारला, बॉटल ग्रीन म्हणालो. मिलिटरीचं बोललो नाही, इथेही कुणी बोलू नका.

गंजका_पत्रा:
आणि चौकटी?

कंदीपेढा:
ते म्हणाले मारायचाच तर आतून पण मार, अर्धवट कामं मला चालत नाहीत. १२ हजार माझेच.

शेंडेफळ:
दादा तुमचा पेंटर बाइकची टाकी करतो का? नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल?