डेटबुकात तिथी लिहा, भरती आपोआप कळेल

पाम पायलट या खिशात मावणाऱ्या जुन्या छोट्या कॉम्प्युटरच्या डेटबुकात (म्हणजे त्यातल्या कॅलेंडरात) गणपती आणि भरतीच्या वेळा एकदाच 'रिपीट' लावून बसवता येतील का, असं एकाने विचारलं होतं. नाही येणार. वाढदिवस, विम्याचे हप्ते, अगदी महिन्याचा दुसरा मंगळवारसुद्धा त्याला समजतो, पण तिथी समजत नाही. गणेश चतुर्थी १९९९ साली १३ सप्टेंबरला होती, २००० साली १ सप्टेंबरला. तिथे रिपीट काय करणार?

मालवणात आमच्याकडे मी वेगळं करतो. भरतीची वेळ लिहीतच नाही, रोजची तिथी लिहितो, वेळ न घालता. अशी नोंद त्या दिवसाच्या यादीत सगळ्यात वर दिसते. मग आपला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किल्ल्यावर होडीने जायचं असो की कालवं काढायला खडकात, एवढा अंदाज पुरतो. (उधाणाच्या दिवसांत मात्र बंदरावर विचारूनच निघा.)

महिन्याच्या तिथी पामच्या पेनाने लिहीत बसू नका. पंचांग शेजारी ठेवून कॉम्प्युटरवर भरा आणि हॉटसिंक करा, म्हणजे त्या नोंदी पाममध्ये उतरतील.