चाचणी कुठल्या भाषेत घेतली?
मूल बोलण्यात अडत असेल तर पालकांना सांगतात, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी यामुळे मूल गोंधळतं, म्हणून एक भाषा बंद करा. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. भाषेचा विकार, म्हणजे भाषा शिकण्यात आणि वापरण्यातच टिकून राहणारी अडचण, असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एकाच भाषेत अडत असेल तर बहुतेकदा ती भाषा कानावर कमी पडलेली असते. माझ्या भाच्याची भाषेची चाचणी फक्त इंग्रजीत झाली. आजीशी तो मराठीत काय बोलतो, हे कुणी विचारलंच नाही! इंग्रजी चाचण्या क्रियापदाला लागणारा भूतकाळाचा 'एड' (-ed) गळतो का ते बघतात. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यातलं लिंग मूल सांभाळतं का, हे त्यातून कसं कळणार?

आणि 'बुद्ध्यांक चांगला असेल तरच भाषाविकार म्हणायचं' हा निकषही मागे पडला आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने सहा इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये 'विकासात्मक भाषा विकार' ही संज्ञा सुचवली, तेव्हा बुद्ध्यांक आणि भाषा यांत तफावत असण्याची अट काढून टाकली. रोजच्या बोलण्यात, अभ्यासात मुलाचं अडतंय का, हे आता पाहतात. श्रवणतपासणी मात्र आधी करून घ्याच, मूल हाकेला ओ देत असलं तरी.