मदत हवी आहे: रेनपायमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटते

मंडळी, रेनपाय ८ (व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं इंजिन) मध्ये मराठी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि संवादांतून उलगडणारा गोष्टीचा गेम, करणं चालू आहे. इंजिनासोबत येणाऱ्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, नुसते चौकोन दिसतात. म्हणून नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल गेम फोल्डरमध्ये टाकून जीयूआयच्या (पडद्यावरच्या मांडणीच्या) फाइलमध्ये संवाद, पात्रांची नावं आणि मेनू या तिन्ही ठिकाणचा फॉन्ट बदलला. शेपर (अक्षरांचे आकार जुळवणारा भाग) हार्फबझ आहे, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात.

इंग्रजी शब्दांसाठी फॉन्टग्रुप (एकाच मजकुरात दोन फॉन्ट वापरायची सोय) केला: युनिकोड क्रमांक ०९०० ते ०९७एफ देवनागरी फॉन्टला, बाकी डेजाव्हूला. तिथे ‘दुसऱ्या’मधला अर्धा र फुटला, पण सगळीकडे नाही! काही कीबोर्ड तिथे झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) घालतात. त्याचा क्रमांक २००डी, म्हणजे तो त्या पट्ट्याबाहेरचा. तेवढ्यासाठी फॉन्ट बदलतो आणि शब्द तुटतो. २००डी आणि त्याचा जोडीदार २००सी (अक्षरं न जोडणारं चिन्ह) देवनागरी फॉन्टला जोडल्यावर हे सुटलं.

उरलेली अडचण: मजकुराचा वेग सेकंदाला ३० अक्षरं ठेवला की ‘किल्ला’मध्ये आधी वेलांटी एकटीच दिसते, मग क. वेग शून्य केला (म्हणजे मजकूर एकदम येतो) की सगळं ठीक, पण मग टाइप होण्याची मजाच जाते.

पूर्ण अक्षर एकदम उमटवायची सोय रेनपायमधल्या शैलीच्या (स्टाइलच्या) एखाद्या गुणधर्मात आहे का? की टेक्स्ट फिल्टर (मजकूर दाखवण्याआधी बदलणारं फंक्शन) लावून प्रत्येक शब्दाला वेगाचा टॅग घालावा लागेल? इंजिन मुक्तस्रोत आहे, तेव्हा मूळ कोडमध्ये नेमकं कुठे हात घालायचा तेही चालेल. २००४ पासूनचं इंजिन आहे, हिंदी-नेपाळीवाल्यांनाही हे भेटलंच असणार.