मुलीला मायनिंगला नंबर लागतोय, खाणीत साहेब कसं होतात?

तुमसरचा धानवाला
नमस्कार जी. पोरगीला नागपूरला व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मायनिंग मिळतंय. आई म्हणते, पोरीच्या जातीनं खाणीत कशाला जायचं? चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आमच्याच तालुक्यातल्या. साहेबांच्या गाड्या रोज पाहतो, पण ते साहेब झाले कसे, हे आजवर कोणी सांगितलं नाही. जाणकारांनी सांगावं.

वणीचा निवृत्त मॅनेजर
भाऊ, पाठवा पोरीला. मी कोळशात 34 वर्षं काढली, ट्रेनी लागलो अन् सब-एरिया मॅनेजर, म्हणजे काही खाणींचा मिळून प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. आईंची भीती उगाच नाही. 1952 च्या खाण कायद्यानं बायांना जमिनीखालच्या कामाला मनाईच होती. 2019 मध्ये केंद्रानं ती सैल केली. तेव्हा तांत्रिक, देखरेखीच्या अन् व्यवस्थापनाच्या कामासाठी त्यांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 खाली उतरायची मुभा मिळाली.

आता मुख्य गोष्ट. खाणीचा मॅनेजर हे कायद्यातलं पद आहे, नुसत्या बढतीनं मिळत नाही. मोठ्या खाणीला धनबादच्या डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, फर्स्ट क्लास सर्टिफिकेट लागतं. कोळशाचं वेगळं, धातूच्या खाणीचं वेगळं. फक्त उघड्या खाणीपुरतंही मिळतं, पण पोरीनं भूमिगतासकट पूर्ण घ्यावं. त्यासाठी खाली काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. माझ्यासोबतचे काही जण सुरुवातीलाच ऑफिसात बसले, ते तिथंच अडकले. मॅनेजर झाल्यावर पुढं सब-एरिया, एरियाचा जीएम, संचालक.

पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या सरदारानं, म्हणजे खाली सुरक्षा तपासणाऱ्या मुकादमानं, माझ्या हातात सब्बल दिली. म्हणाला, साहेब, एका हातानं छत ठोका, दुसरा तळहात छताला टेकवून ठेवा. खणखणीत वाजलं तर छत धरून आहे. बद्द वाजलं अन् तळहाताला थरथर लागली, तर दगड सुटलाय. तिसऱ्या ठोक्याला बद्द वाजलं. त्यानं दंडाला धरून मला मागं ओढलं, माणसं बाहेर काढली अन् आधार लागेपर्यंत कोणाला आत जाऊ दिलं नाही. पुढं मॅनेजर झाल्यावर एकदा वरून निरोप आला, आज टनेज पाहिजे, आधाराचं उद्या पाहू. मी काम बंदच ठेवलं. बढती दोन वर्षं लांबली, पण त्या पाळीची सगळी माणसं घरी गेली. मला आजही त्याचंच समाधान आहे.

चिखल्याचं काम वेगळं. तिथं खनिज काढलेली पोकळी वाळूनं भरत वर सरकतात. सुट्टीत पोरीला रीतसर परवानगी काढून ते दाखवा.

घुग्घुसची ओव्हरमन
काकाजींचं खरं आहे. मी डिप्लोमावाली, उघड्या खाणीत शिफ्ट सांभाळते. ताईला सांगा, गॅस टेस्टिंग अन् फर्स्ट एडचं सर्टिफिकेट लवकर काढून ठेव, परीक्षेच्या वेळी धावपळ होते. अन् नोकरीला लागल्यावर कपडे बदलायची खोली पहिल्याच दिवशी लेखी माग. मी तोंडी मागत राहिले, आठ महिने गेले.

तुमसरचा धानवाला
आईला सगळं वाचून दाखवलं. सरदाराचं दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, जाऊ दे पोरीला. परवा फी भरतो. काकाजी, कॉलेज सुरू व्हायच्या आधी पोरगी तुम्हाला भेटायला वणीला यायचं म्हणते. आणू का जी?