मदत हवी आहे: डावखुऱ्याला परवडेल अशी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (हरीण, विस्कॉन्सिन)

वऱ्हाडी_ठेचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी मिलवॉकीच्या पश्चिमेला वॉकेशा काउंटीत राहतो. ग्रीन कार्ड आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स या उन्हाळ्यात उरकला. १९७३ च्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय इथे शिकारीचं लायसन्स मिळत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो. तोवर रायफल घेऊन हात बसवायचा आहे.

शिकारीची जागा ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांची, वॉसॉच्या उत्तरेला. दाट झाडी आहे. मचाणावरून सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे काही दिसत नाही, फक्त एका बाजूला मक्याचं शेत आहे तिथे दीडशेपर्यंत नजर जाते. म्हणजे लांब पल्ल्याचं काही नको.

बजेट सगळं धरून ९०० डॉलर. सगळं म्हणजे रायफल, दुर्बीण, ती रायफलीवर बसवायच्या रिंगा, खांद्याचा पट्टा आणि सरावाची काडतुसं. नारिंगी जॅकेट-टोपी मित्राकडून मिळाली आहे.

आता खरी अडचण. मी डावखुरा आहे. इथल्या एका मोठ्या दुकानात गेलो, काउंटरवरच्याने तीन रायफली काढून दाखवल्या, तिन्हींचा बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायला हाताने ओढायचा दांडा) उजवीकडे. डाव्या खांद्याला लावली की बोल्ट उघडायला डावा हात दस्त्यावरून पलीकडे न्यावा लागतो. तेवढ्यात गाल उचलला जातो आणि दुर्बिणीतलं चित्र गेलंच. दुकानदार म्हणाला, "यू गेट यूज्ड टू इट." त्याला काय जातंय म्हणायला!

प्रश्न असे:
सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रुगर अमेरिकन, की थोडं कर्ज काढून टिक्का टी३एक्स? डाव्या बोल्टमध्ये यांतलं खरंच काय मिळतं? काडतूस कोणतं, .३०८ की ६.५ क्रीडमूर की आणखी काही? मी फक्त .२२ (अगदी छोट्या काडतुसाची रायफल) चालवली आहे, खांद्याला जोरदार धक्का खाल्लेला नाही. आणि रायफलवर दुर्बीण बसवूनच विकतात ते कॉम्बो घ्यावेत का?

शिकार बरोबर की चूक यावर कृपया वेगळा धागा काढा. मी यवतमाळकडचा, रोही आणि रानडुकरं शेताचं काय करतात ते बघत मोठा झालो. तिथे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली व्यवस्था वेगळी आहे, एवढंच.

---

कृष्णकमळ_एडिसन

राज्य आणि जागा आधीच लिहिलीत ते बरं केलंत, नाहीतर अर्धा धागा तेच विचारण्यात जातो. आमच्याकडे न्यू जर्सीत हरणाला अशी रायफल चालतच नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक, नाहीतर धनुष्यबाण. ओहायोत रायफल चालते, पण सरळ नळकांड्याच्या काडतुसांची. तेव्हा हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातल्या कुणी उठून .३०८ घेऊ नका.

दुसरं, एच-१बी किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांसाठी. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक. म्हणजे लायसन्स आधी, दुकान नंतर. नुसतं "मित्राची धरून बघतो" हेही त्याशिवाय करू नका, इमिग्रेशनच्या फाइलला नसता डाग लागेल. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही, पण बंदूक विकत घेतानाचा फॉर्म ४४७३ भरताना कार्डावरचा नंबर लागतो आणि ओळखपत्रावर सध्याचाच पत्ता हवा. घर बदललं असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्या, नाहीतर काउंटरवरून हात हलवत परत याल.

रायफलीतलं मला कळत नाही, नवरा शॉटगनवाला आहे. तज्ज्ञांसाठी जागा सोडते.

---

डुलुथचे_काका

ठेचा, तुझ्या पहिल्याच प्रश्नात एक गोष्ट राहिली. हात डावा आहे हे कळलं, डोळा कोणता? दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेव आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात हळूहळू चेहऱ्याकडे आण. हात आपोआप ज्या डोळ्यापाशी येतील तो तुझा जोरकस डोळा. तो उजवा निघाला तर उजव्या खांद्यावरून शिकायचा विचार कर, कारण तू नवीन आहेस, अजून सवय पडलेली नाही. मग दुकानातली कुठलीही रायफल तुझीच. डावा निघाला तर मात्र डाव्या बोल्टसाठी हट्ट धर.

आता रायफली. आज ४००-६०० डॉलरला मिळणाऱ्या बहुतेक नव्या रायफली शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीडेक इंचात टाकतात. हरणाचा मर्मभाग, म्हणजे हृदय-फुप्फुसाची जागा, सुमारे आठ इंचांची. ऐंशी यार्डांवरून एक इंच की दीड इंच हा वाद हरणाला कळत नाही. त्यामुळे नेमकेपणावर पैसे घालू नकोस, हातात कशी बसते त्यावर घाल.

अ‍ॅक्सिस घेतलीस तर अ‍ॅक्युट्रिगर असलेलीच घे. त्या चापाच्या मध्ये एक बारीक पातं असतं आणि चापाचं वजन कमी-जास्त करता येतं. अगदी स्वस्तातल्या जुन्या अ‍ॅक्सिसचा चाप जड, तो ओढताना नवशिक्याची नळी हमखास हलते. दुसरी खोट दस्त्याची. प्लास्टिक पोकळ आहे. पुढचा भाग मुठीत घेऊन नळीच्या दिशेने दाब, टेकतो की नाही बघ. किंवा एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवत मागे ने, अडकली तर तिथे स्पर्श होतोय. मचाणाच्या कठड्यावर टेकवून मारताना हाच स्पर्श गोळी भलतीकडे नेतो. उपाय साधा, कठड्यावर दस्ता न टेकवता हात टेकव आणि हातात दस्ता धर.

रुगर अमेरिकन २०१२ पासून आहे. बोल्ट फक्त ७० अंश उचलावा लागतो, अ‍ॅक्सिसचा ९०. जाड हातमोजे आणि दुर्बीण यांच्यामध्ये तो फरक जाणवतो. सेफ्टी अंगठ्याखाली, दस्त्याच्या पाठीवर आहे. ती डावऱ्या-उजव्या दोघांनाही सारखीच, हे तुझ्यासाठी महत्त्वाचं. शिवाय सेफ्टी लावलेली असतानाच बोल्ट उघडून काडतूस काढता येतं. मचाणावरून उतरण्याआधी रायफल रिकामी करायची असते तेव्हा ही सोय मोठी आहे. अ‍ॅक्सिसचीही सेफ्टी पाठीवरच आहे.

टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, मान्य. फिनलंडची आहे, डाव्या बोल्टमध्ये बरीच काडतुसं मिळतात. पण एकट्या रायफलीतच तुझं बजेट जवळपास संपेल. मग दुर्बीण कुठून आणणार?

---

बिनधास्त_बाणकोटी

काकांना अनुमोदन. अवांतर: आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. माकडं हाकलण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही, पण निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला नेण्याचा सोहळा दर वेळी! इथे वॉलमार्टात काडतुसं बघून मी पहिल्यांदा चाटच पडलो होतो.

मुद्द्याचं. मी टेक्सासात रानडुकरं मारतो, त्यावरून काडतुसाचं सांगतो. नवशिक्याचा नेम बिघडतो तो धक्क्याच्या धास्तीने. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. .३०-०६ म्हणजे १९०६ पासूनचं खानदानी काडतूस, पण हलक्या रायफलीत तुला पहिल्याच दिवशी नकोसं होईल. .२४३ चा धक्का सगळ्यात कमी, हरणाला पुरतं, फक्त गोळी नीट जागी लागायला हवी. ६.५ क्रीडमूर त्याच्या थोडं वर. मग ७एमएम-०८, मग .३०८. ७एमएम-०८ म्हणजे .३०८ चंच नळकांडं तोंडाशी आवळून केलेलं, झाडीतल्या हरणाला झकास. पण डाव्या बोल्टमध्ये ते शोधत बसशील. डावऱ्यांसाठी कंपन्या आधी .३०८ आणि ६.५ काढतात, बाकीचं मिळालं तर नशीब. आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात ती .३०८ नि ६.५ चीच काडतुसं. तेव्हा या दोनांतलं एक. तुझ्या जागी मी ६.५ घेतली असती.

वीस काडतुसांचा डबा साधारण २५ ते ४५ डॉलरला पडतो. त्यामुळे सराव .२२ वरच चालू ठेव, मोठीवर प्रत्येक वेळी दहा-पंधरा गोळ्या बस. त्याहून जास्त मारल्यास की खांदा हुळहुळतो आणि वाईट सवयी लागायला सुरुवात होते.

---

डावरी_दमयंती

मीपण डावखुरी, मिशिगनच्या उत्तर भागात. मंडळी, "सवय होते" हे उजव्यांचं आवडतं वाक्य आहे, मनावर घेऊ नका. टेबलावर पिशवीवर टेकवून मारताना उजवा बोल्ट चालून जातो, उलट उजव्या हाताने पटकन ओढताही येतो. मचाणावर, अवघडून बसल्यावर, दुसरी गोळी लागली तर मात्र पंचाईत.

सॅव्हेजची ११० ही रायफल १९५८ ची, आणि त्या कंपनीने डाव्या बोल्टकडे फार आधीपासून लक्ष दिलं आहे. म्हणून वापरलेल्या रायफलींत डाव्या सॅव्हेज ११० अधूनमधून दिसतात. आपल्यासारखी गिऱ्हाइकं कमी, त्यामुळे दुकानदार घासाघीस करायला तयार असतो. माझी तशीच मिळाली. घेताना बोल्ट बाहेर काढून नळीतून उजेडाकडे बघायचं, आतल्या खाचा स्वच्छ, धारदार दिसायला हव्यात. बोल्टच्या तोंडावर गंज नको. दस्त्याला बाहेरून ओरखडे असले तर असू देत, त्यात भाव पाडून घ्यायचा.

नवीनच हवी असेल तर अ‍ॅक्सिस डाव्या बोल्टमध्ये मिळते. रुगर अमेरिकनचीही डावी मॉडेलं आहेत, पण काउंटरवर क्वचित. दुकानातून ऑर्डर करावी लागेल. म्हणजे उजवी हातात घेऊन माप बघायचं आणि डावी मागवायची.

हो, दस्त्याची लांबी. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळीत धरा, तर्जनीचं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. हे जॅकेट घालून करा! टी-शर्टात बरोबर बसलेली रायफल नोव्हेंबरच्या जाड जॅकेटात अर्धा-पाऊण इंच लांब वाटते आणि दस्ता काखेत अडकतो.

---

वऱ्हाडी_ठेचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. घड्याळाची परीक्षा केली, बायकोनेही केली, मुलानेही केली, संध्याकाळभर घरात तोच खेळ. माझा डोळा डावाच निघाला. म्हणजे डावा बोल्ट पक्का.

६.५ कडे कल झुकतोय. कॉम्बोच्या दुर्बिणीचं कुणीच बोललं नाही. आणि घरात दोन लहान मुलं आहेत, मांस घरी खाल्लं जाणार, त्या दृष्टीने गोळीत काही बघावं लागतं का?

---

डुलुथचे_काका

कॉम्बोची दुर्बीण दुपारी बारा वाजता छान दिसते. हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. तेव्हा स्वस्त काचेत झाडाचं खोड आणि हरीण दोन्ही एकच काळा डाग. रायफल एकटी घे आणि दोनशे-अडीचशे डॉलर दुर्बिणीला ठेव. ३-९x४० या मापाची (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) साधी दुर्बीण, अनेक बटणांची नको. व्होर्टेक्सची क्रॉसफायर किंवा ल्यूपोल्डची फ्रीडम या पट्टीत येतात. व्होर्टेक्स तर तुमच्याच राज्यातली, बार्नेवेल्डची. जंगलात असताना कायम ३ वर ठेव. ९ वर ठेवून बसलास तर हरीण समोर आल्यावर नुसते केस दिसतील.

बसवल्यावर पैसे आणि काडतुसं वाचवायची युक्ती. बोल्ट काढून टाक, रायफल पिशव्यांवर घट्ट टेकव आणि मागून नळीतूनच पंचवीस यार्डांवरच्या लक्ष्याचा मध्य बघ. रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच मध्यावर आण. बोल्ट-अ‍ॅक्शनचा हा मोठा फायदा. पहिलीच गोळी कागदावर लागते. मग शंभर यार्डांवर जा. दुर्बिणीवरचं बटण एक क्लिक फिरवलं की नेम पाव एमओए (कोनाचं माप) सरकत असेल, तर तिथे चार क्लिक म्हणजे सुमारे एक इंच. एका गोळीवरून क्लिक फिरवू नकोस, तीन मार आणि मग ठरव.

वॉकेशात आहेस तर ईगलजवळचं मॅकमिलर रेंज गाठ, सार्वजनिक आहे. सीझनच्या आधीच्या शनिवार-रविवारी मात्र तिथे अख्खं राज्य लोटतं. शक्यतो सप्टेंबरातच जा.

---

बिनधास्त_बाणकोटी

मुलांसाठी: शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत. संपूर्ण तांब्याची गोळी घ्या. डबा महाग पडतो, पण शिकारीला लागतात किती? दुर्बीण स्वस्त शिशाच्या गोळ्यांवर जुळवून शेवटी तांब्याच्या चार-पाच मारून बघा, दोन्ही एकाच जागी लागतीलच असं नाही. फिरवायचे क्लिक तांब्यावरूनच ठरवा.

---

डावरी_दमयंती

आणि विस्कॉन्सिनात सीडब्ल्यूडी आहे, २००२ पासून. हरणाच्या मेंदूचा रोग. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग सापडलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे. डीएनआर (राज्याचं निसर्गसंपदा खातं) तपासणी फुकट करतं, डोकं नेऊन द्यायचं. अहवाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव-तारीख लिहून फ्रीजरमध्ये. लोणच्याचं काही करायच्या आधी अहवाल बघा. (हरणाच्या मांसाचं लोणचं होतं आणि उत्तम होतं. पाककृती वेगळ्या धाग्यात.)

---

वऱ्हाडी_ठेचा (धागाकर्ता)

ठरलं तर मग. रुगर अमेरिकन, डावा बोल्ट, ६.५. आज फोन केला, ऑर्डर करता येते म्हणाले. दोन आठवड्यांत आली नाही तर डावी अ‍ॅक्सिस अ‍ॅक्युट्रिगरवाली, आणि तोवर वापरलेल्या ११० वर डोळा ठेवतो. दुर्बीण ३-९x४०. कपाट कुलपाचं घेतोय, काडतुसं वेगळ्या कुलपात, ही बायकोची अट आहे आणि मलाही ती मान्य आहे.

रिंगा उंच घ्याव्यात की बुटक्या?

---

डुलुथचे_काका

नळीला दुर्बीण टेकणार नाही इतक्या बुटक्या. ४० च्या भिंगाला बहुधा लो किंवा मीडियम पुरते. उंच घेतल्यास की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. अ‍ॅक्सिसवर वेळ आली तर दुकानातच बोल्ट पूर्ण उचलून बघ, हँडल दुर्बिणीच्या मागच्या भागाला लागता कामा नये. स्क्रू एकदम आवळू नकोस, समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे. आणि डोळ्यापासून दुर्बीण साडेतीन इंच तरी लांब ठेव, नाहीतर पहिल्याच गोळीला भुवईवर चंद्रकोर उमटेल.