विषय: साताऱ्यात लहान मुलांना घेऊन जेवायला कुठे जावं?

प्रेषक: साताऱ्याची सून, रीडिंग

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात इंग्लंडहून साताऱ्याला निघालोय. सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. शांतीची पूजा घरी होईलच, पण एक दुपार सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं असं आमच्या ह्यांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. पंधरा-सोळा माणसं होतील, त्यात सांगलीच्या आत्याबाई आणि त्यांची मंडळी. धाकटा तेव्हा वीस महिन्यांचा असेल, मोठी चार वर्षांची. मोठीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, नुसती पुरळ उठणारी नाही, एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन, जवळ ठेवावं लागतं अशी.

गूगलवर हॉटेलं बघत बसले तर सगळीकडे तोच पनीरचा फोटो आणि ‘मस्त जेवण, नक्की भेट द्या’. मुलांना घेऊन बसता येईल का, हे कोणीच लिहीत नाही. कुणाला नावं माहीत असतील तर कळवा ना.

---

प्रेषक: काका, हॅरो

सूनबाई, हॉटेलचा घाट कशाला घालता? केटरर घरी बोलवा, गच्चीवर मांडव टाका, पोरं हवी तशी हुंदडतील. आमच्या वेळी पंगतीत पोरांना मांडीवर घेऊन जेवलो की.

---

प्रेषक: माहेर सातारा, मिल्टन कीन्स

काका, केटरर घरी आला की सासूबाई दिवसभर स्वयंपाकघराच्या दारातून हलत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. बाहेर नेताहेत ते त्यांच्यासाठीच असणार. आणि पंगतीत तुम्ही पोरांना मांडीवर घेऊन जेवलात की काकूंनी घेतलं होतं?

ताई, नावं मी मुद्दाम देत नाही. तिकडे चालक बदलतो, आचारी बदलतो आणि पाटी तीच राहते. शिवाय मूल खूश राहणं हॉटेलच्या नावावर कमी आणि तुम्ही किती वाजता जाता यावर जास्त अवलंबून असतं. दर वर्षी मुलांना घेऊन जाते, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिलं म्हणजे वेळ. हिवाळ्यात भारत आपल्या साडेपाच तास पुढे. साताऱ्यात दुपारचे साडेबारा म्हणजे तुमच्या मुलाच्या पोटाचे सकाळचे सात. उतरल्या उतरल्या दोन दिवसांत हे जेवण ठेवलंत तर अर्धवट झोपेतलं मूल आणि समोर थाळी. उलट तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याचे दुपारचे तीन, तेव्हा ते टुणटुणीत असेल आणि म्हातारी माणसं पेंगत असतील. म्हणून आठवडाभर जाऊ दे, मुलं तिकडच्या वेळेवर आली की बेत करा. आणि बाराला, दार उघडताच बसा. एकनंतर रविवारी कुठल्याही बऱ्या हॉटेलात लोक खुर्चीमागे उभे राहून तुमचा शेवटचा घास मोजतात. साडेतीन-चारनंतर बहुतेक ठिकाणी किचन बंद होतं ते सातशिवाय पेटत नाही, मधल्या वेळात चहा, भजी आणि उडप्याकडचा डोसा यावरच भागवायचं.

वारही बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाच्या हॉटेलांत पाय ठेवायला जागा नसते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर सासूबाईंचा उपवास, म्हणजे तो बाद. मंगळवार दुपार उत्तम, मात्र संकष्टी नाही ना एवढं कालनिर्णयात बघून घ्या.

‘फॅमिली रेस्टॉरंट’ या पाटीवर जाऊ नका. हायवेला आणि शहराच्या कडेला त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरात ‘परमिट रूम’ असतं. फॅमिलीचा विभाग वेगळा असतो, पण पार्टिशन प्लायचं, आणि पलीकडचा आवाज पलीकडेच राहील याची खात्री नाही. घरच्या कुणाला तरी दुपारी जाऊन एक चक्कर मारायला सांगा. फोनवर सगळेच ‘हो, आहे ना’ म्हणतात.

हायचेअरचं तसंच. ‘बेबी चेअर आहे का?’ विचारलंत तर हो म्हणतील, आणि वेळेला एकावर एक ठेवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतील. खरी असली तरी पट्टा तुटलेला. मी कापडी बूस्टर बरोबर नेते, कुठल्याही खुर्चीला बांधता येतो. जागा भिंतीकडची घ्या. वेटर रश्श्याच्या वाट्या ट्रेमधून नेतो त्या वाटेवर मूल नको. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर बसायच्या आधी काढायला लावा. एकदा आमच्या लेकाने ते ओढलं, तेव्हा गरम आमटीची वाटी माझ्या भावाच्या मांडीवर गेली, ती माझ्या मते त्यातल्या त्यात बऱ्या माणसावर गेली.

आणि बसल्या बसल्या, मेन्यू उघडायच्या आधी, मुलांचं मागवा. दहीभात, साधी इडली, वरणभात, जे पाच मिनिटांत येईल ते. स्टार्टरवर चर्चा सुरू झाली की पंधरा माणसांची पहिली ऑर्डर जायलाच वीस मिनिटं लागतात.

आता ॲलर्जीचं, आणि हे जरा गांभीर्याने वाचा. इकडे १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं हॉटेलला कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून आपल्याला वेटरला विचारायची सवय लागलीये. भारतात २०२० च्या नियमांनी मेन्यूवर ॲलर्जीची माहिती द्यायची ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी. साताऱ्यातलं एकुलतं एक घरगुती हॉटेल त्यात बसत नाही. तिथे ‘शेंगदाणे आहेत का?’ विचारलं की वेटर प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण अख्खा दाणा त्याला दिसत नाही. एका ठिकाणी असंच ‘नाही’ ऐकून आम्ही भरलं वांगं मागवलं होतं, आणि सारण बघते तर निम्मं कूट. आमच्या घरात ॲलर्जी नाही म्हणून निभावलं. म्हणून ‘कूट घालता का?’ असं विचारा, आणि वेटरला नाही, आचाऱ्याला. कोशिंबीर, मटकीची उसळ, साबुदाण्याची खिचडी, ठेचा, भरीत, सगळीकडे कूट असू शकतं, आणि इडलीच्या चटणीत खोबऱ्याबरोबर दाणेही असतात. तेलही विचारा. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत, घाण्याच्या तेलात राहतात. आणि घाण्याचं तेल हल्ली हौसेने पाटीवर लिहितात.

डाव एकच सगळ्या पातेल्यांत फिरतो, तेव्हा मोठीसाठी मी सरळ घरचा डबा नेईन. मॅनेजरला आधी सांगून ठेवलं तर कुणी नाही म्हणत नाही. दोन्ही एपिपेन पर्समध्येच, सामानात टाकू नका, आणि तिकडच्या मेडिकलमध्ये मिळेल या भरवशावर जाऊ नका. ॲम्ब्युलन्स १०८.

---

प्रेषक: सांगलीकर, लीड्स

वरच्या मेलला शंभर टक्के अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

तुमच्या आत्याबाई सांगलीहून येताना भडंगाची पिशवी आणणार. नक्की आणणार. आणि जेवण यायला उशीर होतोय म्हटल्यावर पिशवी सुटणार आणि प्रेमाने पोरांच्या मुठीत भडंग जाणार. मोठीला ॲलर्जी, आणि धाकट्याला ॲलर्जी नसली तरी अख्खे दाणे नकोतच. इकडची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, पाच वर्षांखालच्यांना अख्खा दाणा देऊ नका म्हणते, घशात अडकतो. सगळ्यांदेखत आत्याबाईंना अडवायची वेळ येऊ देऊ नका, आदल्या दिवशी तुमच्या मिस्टरांनाच फोन करायला लावा. भाच्याने सांगितलेलं ऐकतात, सुनेने सांगितलेलं लक्षात ठेवतात.

दुसरं, मटणाचं हॉटेल ठरलं तर ‘कमी तिखट’ मागू नका. रस्सा सकाळीच उकळून ठेवलेला असतो, तो कमी तिखट कुठून होणार? फार तर त्यात पाणी ओततील. ‘अळणी’ मागा. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी, वाटण पडायच्या आधीचं. आमच्याकडे पोरांची मटणाशी ओळख त्यानेच होते. मटण बोटांनी तारा तारा करून, हाड राहिलं नाही ना ते चाचपून, भाताबरोबर. पण उशिरा गेलात तर संपलेलं असतं, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. शाळूची भाकरी मिळाली तर दुधात कुस्करून, धाकट्याचं काम झालं.

---

प्रेषक: दोन मुलांचा बाप, स्लाव

गार्डन रेस्टॉरंट का नाही? यवतेश्वर, कासच्या रस्त्याला लॉन असलेली आहेत, झोपाळे आहेत. पोरं पळतात, आपण जेवतो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघरला मॅप्रो गार्डन आहे, खेळायला जागा भरपूर.

---

प्रेषक: माहेर सातारा, मिल्टन कीन्स

आपण जेवतो म्हणजे कोण जेवतं, दादा? वीस महिन्यांच्या पोरामागे एक माणूस पूर्णवेळ लागतं आणि ते बहुधा आईच असते. झोपाळ्याआधी कुंपण बघावं. लॉन थेट रस्त्याला लागून आहे का, कारंज्याचं टाकं उघडं आहे का, तंदूर कुठे आहे. संध्याकाळी डास. मॅप्रो छान आहे, पण नाताळच्या सुट्टीत तिथे गाडी लावायलाच तास जातो, आणि पंच्याहत्तरीच्या आजोबांना घाट चढवून सँडविच खायला घालणार का?

लॉन हवंच असेल तर पाळी लावा. दर पंधरा मिनिटांनी एक मामा, एक काका. नावं आधीच ठरवा, नाहीतर सगळे मामा एकदम मोबाइल बघायला लागतात.

पुण्याहून येतानाचंही सांगून टाकते. खंबाटकी घाटाच्या आधी मुलांना पोटभर दूध पाजू नका. वळणांवर सगळं बाहेर येतं.

---

प्रेषक: काका, हॅरो

मांडीवर काकूंनीच घेतलं होतं. खुलासा संपला.

---

प्रेषक: साताऱ्याची सून, रीडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेला तीन ठिकाणी चक्कर मारायला पाठवलं. एकात पार्टिशनपलीकडे भर दुपारी ग्लास वाजत होते, एकात पायऱ्या इतक्या की सासऱ्यांना जमणार नाही. तिसरं साधंच आहे, शाकाहारी, तळमजल्यावर, हात धुवायचं बेसिन आतच. चालक म्हणाले, कूट आमच्याकडे तीन भाज्यांत असतं, त्या दिवशी तुमच्या टेबलावर त्या वाढणार नाही, पण किचनमध्ये असणारच, तेव्हा मुलीचा डबा आणा. इतकं सरळ बोलले म्हणून तेच ठरवलं. मंगळवार, दुपारी बारा. अळणी मटण आता दुसऱ्या दिवशी घरीच.

आत्याबाईंना ह्यांनी फोन केला. त्या म्हणाल्या, बरं, मग बिनदाण्याचं भडंग करून आणते. ते त्याच कढईत होणार, म्हणून अजून एक फोन बाकी आहे.

तो कापडी बूस्टर कुणाकडे वापरात नसलेला पडला असेल तर महिनाभर देता का? आल्यावर धुऊन परत करीन.

---

प्रेषक: माहेर सातारा, मिल्टन कीन्स

माझा घेऊन जा. आमच्या धाकटीला आता लागत नाही. एका पट्ट्याची चाप जरा घट्ट आहे, अंगठ्याने जोर लावून दाबावी लागते. येत्या शनिवारी मराठी शाळेत घेऊन येते.